महाबळेश्वरच्या बंगल्याची जांभ्याची चिमणी: पाडावी की दुरुस्त करावी?

घाटमाथी | ४ ऑक्टोबर, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

महाबळेश्वरला आमचा जुना बंगला आहे. आजोबांनी पन्नासच्या दशकात घेतला, पण भाडेपट्ट्याच्या जुन्या कागदावर १८९३ साल आहे. साहेबी थाट: पुढे लांब व्हरांडा, उतरतं पत्र्याचं छप्पर, दिवाणखान्यात शेकोटी. त्या शेकोटीची जांभ्या दगडाची चिमणी पत्र्याच्या वर सात फूट उभी आहे. ऐंशीच्या दशकात काकांनी तिला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि वर पांढरा रंग दिला. तेव्हापासून तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलेलं नाही.

गेले तीन पावसाळे दिवाणखान्याच्या भिंतीवर चिमणीच्या कडेने तपकिरी ओघळ येतायत, चहा सांडल्यासारखे. रंग दिला की दोन महिन्यांत परत हजर. यंदा शेकोटीच्या आतच पाणी टपकत होतं, राखेचा नुसता चिखल. परवा पावसाने उघडीप दिली म्हणून गेलो, तर सगळ्यात वरच्या थरातला एक दगड पत्र्यावर पडलेला. पत्र्याला परातीएवढा पोचा.

एका कंत्राटदाराला दाखवलं. त्याने खालूनच, गाडीला टेकून पाहिलं आणि म्हणाला, "पत्र्यापर्यंत उतरवू, वर विटांची बांधून गिलावा मारतो. नाहीतर सरळ काढून पत्रा बंद करू, झंझटच नको." चुलतभाऊ दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे. त्याचं म्हणणं, शेकोटी पेटवतंय कोण, हीटर आहे की. आम्ही चौघं वाटेकरी आहोत, त्यातले दोघं कुंपणावर बसलेत.

मला ती पाडायची नाही. पण पुढच्या जूनच्या आत काहीतरी केलंच पाहिजे. कुणी जांभ्याचं जुनं बांधकाम दुरुस्त करून घेतलंय का? चुन्यात काम करणारे गवंडी अजून मिळतात का?

---

खमंग | ४ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

फिल्टरलेस घ्या, ऑटो क्लीनवाली. आमची सहा वर्षं झाली, तेलाचा डबा तेवढा काढून धुवायचा.

---

खमंग | ४ ऑक्टोबर, सकाळी ९:४३

अरे देवा. शीर्षकात चिमणी दिसली आणि उडी मारली. वरचा प्रतिसाद बाद समजा.

---

अनुस्वार | ४ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

धुराडं हा चांगला शब्द असताना चिमणी कशाला? चिमणी म्हणजे एक तर पाखरू, नाहीतर रॉकेलचा दिवा. बाकी विषयातलं मला काही कळत नाही. चालू द्या.

---

घाटमाथी | ४ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

अनुस्वार, आमच्या घरात धुराडं साखर कारखान्याला असतं. घरावर असते ती चिमणीच. :)

---

सिव्हिल८४ | ४ ऑक्टोबर, दुपारी १:१५

चाळीस वर्षं बांधकामात घालवली आहेत, त्यामुळे स्पष्ट लिहितो. कंत्राटदार गाडीला टेकून बोलला म्हणून तो चूक ठरत नाही.

एक, जांभा पाणी पितो. हा दगडच भोकांचा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस, आणि चिमणी म्हणजे चारही बाजूंनी झोडपली जाणारी वस्तू. दोन, कोयनानगर तिथून हवाई अंतराने साठेक किलोमीटरवर आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप विसरू नका. भूकंपात घराची जी अंगं आधी खाली येतात, त्यांत कशाच्याही आधाराविना उभी असलेली दगडी चिमणी पहिली. एक दगड आपण होऊन पडलाय, म्हणजे वरच्या सांध्यांत जीव उरलेला नाही.

माझा सल्ला: पत्र्यापर्यंत उतरवा, चार कोपऱ्यांत बारीक सळया घेऊन काँक्रीटची चौकट करा, मध्ये विटा, बाहेरून जलरोधक गिलावा. वीस वर्षं बघायला नको. चुना वगैरे वाचायला छान वाटतं.

---

चुनखडी | ४ ऑक्टोबर, रात्री ९:५०

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करते म्हणून लिहिते. सिव्हिल८४ यांचा भूकंपाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, त्याकडे पुढे येऊ. पण जलरोधक गिलावा तर चाळीस वर्षांपूर्वी केलाच होता ना? आणि गळतंय ते त्या गिलाव्यासकटच.

जांभा पाणी पितो, तसं ते सोडतोही. शेकोटी रोज पेटत होती तेव्हा दगड आतून तापायचा, चुन्याच्या सांध्यांतून वाफ बाहेर जायची, चिमणी सुकायची. गिलाव्याने ही वाट बंद केली. सिमेंट कडक. दगड उन्हापावसात थोडा फुगतो-आकसतो, सिमेंट तसं हलत नाही, त्याला केसाएवढ्या चिरा जातात. त्या चिरांतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला मात्र जागा नाही. मग ते खाली उतरतं, आणि खाली तुमचा दिवाणखाना आहे. तपकिरी ओघळ म्हणजे शंभर वर्षांच्या काजळीतले क्षार, ओलीबरोबर भिंतीतून बाहेर येणारे. त्यावर कितीही रंग द्या, तो टिकायचा नाही.

आत्ताच काही पाडू नका, काही बांधूही नका. आधी पाणी नेमकं कुठून शिरतंय ते शोधा. जाणाऱ्या येणाऱ्या पाण्याच्या वाटा तीन-चारच असतात: वरचं तोंड, दगडांचे सांधे, आणि चिमणी पत्र्याला भेटते तो कोन. कोरडा दिवस बघून बागेची नळी घ्या. एकाने वर, एकाने आत शेकोटीपाशी विजेरी घेऊन बसायचं. पाणी खालून वर मारत जायचं: आधी फक्त पत्र्याचा कोन, पंधरा-वीस मिनिटं. आत काही आलं नाही, तर तीन फूट वर. मग आणखी वर. तोंडावर सगळ्यात शेवटी. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून ओघळेल आणि काहीच कळणार नाही.

एक ओळंबाही सोडून बघा, चारही कोपऱ्यांवर. आणि लाकडी दांड्याने गिलावा ठोकून कुठे पोकळ वाजतो तिथे खडूने खूण करा.

---

चिरेबंद | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

आम्ही कुडाळकडचे. आमचं घर, विहीर, गडगे, तुळशीवृंदावन, सगळं चिऱ्याचं (जांभ्याला आम्ही चिरा म्हणतो), म्हणून चार शब्द.

चिरा खाणीतून निघतो तेव्हा इतका मऊ की तासणीने तासून घ्यावा. वारा-ऊन लागलं की घट्ट होत जातो. म्हणून आमचे वडील नवा चिरा आणून एक पावसाळा उघड्यावर रचून ठेवायचे. जो फुटायचा तो तिथेच फुटला, भिंतीत तरी नाही गेला. हल्ली सगळा यंत्राने कापलेला येतो, सकाळी खाणीत आणि संध्याकाळी भिंतीत. तुम्हाला बदली दगड लागले तर नवे घेऊ नका. जुनं घर उतरवलेलं असतं कुठेतरी, तिथला चिरा मागा. हातोडीने हळू ठोका: खणखणीत वाजला तर घ्या, भद्द वाजला तर आत माती आहे.

तिथल्या तिथे महाबळेश्वरात नवी खाण काढायला मिळणार नाही, आंबेनळी घाटातून वर चढवावा लागेल. दगडापेक्षा गाडीचं भाडं जड.

---

पागोळी | ५ ऑक्टोबर, सकाळी ११:००

पाचगणीत आमच्या वडिलांची नोकरी होती, त्यामुळे तिकडचे असले बंगले पाहिलेत. परांची बांधायच्या आधी नगरपरिषदेत जा. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि वारसा इमारतींची यादीही असते. तुमचा बंगला त्यात असला तर बाहेरचं रूप बदलायला परवानगी लागेल. एका परीने बरंच आहे, पाडा म्हणणाऱ्या भावाला कागद दाखवता येईल.

आणि एक. वरचं तोंड अर्धवट बुजलेलं असताना गंमत म्हणूनसुद्धा शेकोटी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या दर थंडीत येतातच.

---

डेलावेअरकाठचा | ५ ऑक्टोबर, रात्री ११:३५

फिलाडेल्फियाच्या बाहेर राहतो. आमच्या भागात अभ्रकाने चकाकणाऱ्या विसाहिकॉन शिस्ट दगडाची घरं खूप आहेत, आमचंही तसंच. घर घेतलं तेव्हा दगडी चिमणी बाहेरून देखणी होती, आतून दात पडलेल्या म्हातारीसारखी. आधीच्या मालकाने सांध्यांत पोर्टलंड सिमेंट भरलेलं. इथे वैरी वेगळा: पाणी आत जातं, गोठतं, गोठताना नऊ टक्के फुगतं आणि दगडाचा पापुद्रा उडवतं. तुमच्याकडे बर्फाचा प्रश्न नाही, पण पाणी कोंडून ठेवायचं पाप तेच.

इथे शिकलेल्या गोष्टी:

उंचीचा हिशेब: चिमणी छपरातून जिथे बाहेर येते तिथून निदान तीन फूट वर हवी, आणि दहा फुटांच्या आत छपराचा जो भाग असेल त्याच्यापेक्षा दोन फूट उंच. नाहीतर वारा धूर उलटा ढकलतो. म्हणजे भूकंपाच्या भीतीने वाटेल तितकी बुटकी करता येणार नाही.

छपराचे वासे दगडाला चिकटलेले नकोत, दोन इंच अंतर हवं. आमच्याकडे एक वासा टेकलेला होता, पार काळा पडलेला. घर जळालं नाही ते नशीब.

सांधे खरवडायला कटर लावू देऊ नका. दगडाची कड गेली की गेली. छिन्नी-हातोडीने, सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल.

आणि काम काढायच्या आधी आत कोण राहतंय ते बघा. आमच्या चिमणीत पाकोळीच्या जातीचे पक्षी घरटं करून होते. इथे त्यांना १९१८ च्या कायद्याचं संरक्षण आहे, पिल्लं उडेपर्यंत गवंड्याला थांबवलं. बायको म्हणाली, आपल्या हप्त्यावर ते राहतायत.

---

अनुस्वार | ६ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

म्हणजे शेवटी चिमणीत पाखरू निघालंच.

---

घाटमाथी | १९ ऑक्टोबर, रात्री ८:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार वर जाऊन आले. वृत्तांत देते.

आधी राहणाऱ्यांचं. नळी घेऊन पत्र्यावर चढलेला भाचा दोन मिनिटांत खाली. चिमणीच्या तोंडातून मधमाश्यांची ये-जा चालली होती. सातेरी, अंधाऱ्या पोकळीत पोळं करतात त्या. मांघरहून (तेच, मधाचं गाव) एक मधपाळ आले. त्यांनी हाताने एकेक पोळं कापून लाकडी चौकटींना बांधलं, राणी सापडल्यावर बाकीच्या माश्या आपण होऊन पेटीत गेल्या. धूर अगदी थोडा केला, म्हणाले, "धुराच्याच घरात राहतायत, त्यांना काय त्याचं." दीड किलो मध निघाला, त्यातला अर्धा भावाला दिला. तेवढ्याने तो पन्नास टक्के वळला आहे.

मग दुसऱ्या दिवशी पाणी. पत्र्याच्या कोनावर वीस मिनिटं: आत काही नाही. मला आश्चर्य वाटलं, कारण तिथलं डांबर पार तडकलेलं आहे. तीन फूट वर, पश्चिमेच्या अंगाला: सातव्या मिनिटाला आत टप, टप. पूर्वेला अर्धा तास मारलं, काही नाही. तोंडावर: धो धो. मग परत पत्र्याच्या कोनावर, पण या वेळी चिमणीच्या वरच्या अंगाला, जिथे आढ्याकडून उतरणारं पाणी येऊन अडतं. तिथे पालापाचोळ्याचा हातभर थर होता. तो काढून नळी धरली तर पाच मिनिटांत भिंतीवर ओघळ. म्हणजे वाट एक नव्हे, तीन.

ओळंबा सात फुटांत पाऊण इंच सरकला. पश्चिमेचा गिलावा जवळजवळ सगळा पोकळ वाजतो. एका ठिकाणी छिन्नी घातली, तर पोळपाटाएवढा तुकडा एकदम सुटून हातात आला. पाठीला बोटभर लाल पूड चिकटलेली, ओली, चिखलासारखी (फोटो जोडलाय). मागचा दगड नखाने खरवडला जात होता. आणि पूर्वेला जिथे गिलावा कधी लागलाच नव्हता, तिथे तोच जांभा तासणीचे घाव अजून दिसतील इतका टणक.

हे मी भावाला दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. काम त्याच्या वडिलांनी करून घेतलेलं. त्यांनीही चांगल्यासाठीच केलं होतं हो.

---

सिव्हिल८४ | १९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

पाठीला चिकटलेल्या लाल पुडीचा फोटो पाहिला. गिलाव्याबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. भूकंपाबद्दलचं घेत नाही.

---

चुनखडी | १९ ऑक्टोबर, रात्री १०:१५

घेऊही नका. माझ्या मते असं करा: गिलावा पूर्ण उतरवायचा. वरचे जे थर सैल आहेत तेवढेच खडूने आकडे घालून उतरवायचे आणि त्याच दगडांनी परत चढवायचे. खालचे घट्ट थर जागेवर ठेवून सांधे भरायचे. आणि सिव्हिल८४ यांच्यासाठी, दोन ठिकाणी स्टेनलेसच्या पट्टीचा वेढा घालून तो छपराच्या सांगाड्याला बांधायचा. साधं लोखंड नको. गंजलं की फुगतं आणि दगड फोडतं, जुन्या इमारतींत मी सर्वांत जास्त पाहिलेलं दुखणं ते.

चुना नुसता वापरू नका. साधा चुना हवेतून घट्ट होतो, तेही सावकाश. तुमच्याकडच्या ओलीत त्याला सुरखीची जोड हवी, म्हणजे भाजलेल्या विटेची बारीक पूड. एक भाग चुना, एक सुरखी, दोन वाळू, इथून सुरुवात करून आधी दोन-तीन नमुने करून बघा. चुना दगडापेक्षा मऊच राहिला पाहिजे. काही झिजायचंच असेल तर सांधा झिजू दे, तो परत भरता येतो. नोव्हेंबर ते जानेवारीत उरका, जूनच्या आत त्याला मुरायला वेळ हवा.

---

चिरेबंद | २० ऑक्टोबर, सकाळी ७:०५

गूळ आणि हिरड्याचं पाणी घालतात ना चुन्यात? आमच्याकडे जुने लोक सांगतात.

---

चुनखडी | २० ऑक्टोबर, सकाळी ९:००

घालतात, आणि हिरडा तर महाबळेश्वरच्या जंगलातलाच. पण प्रमाण चुकलं तर उलटा परिणाम, सांधा लवकर घट्टच होत नाही. ज्याच्या हाताला सवय आहे त्यानेच घालावं, ऐकीव माहितीवर नको.

---

घाटमाथी | ३० नोव्हेंबर, रात्री ९:२०

काम चालू आहे. नगरपरिषदेत तीन खेपा झाल्या. "आहे तसंच ठेवतोय" हे पटवायला "नवीन बांधतोय" हे पटवण्यापेक्षा जास्त कागद लागतात. असो.

मिस्त्री मेढ्याकडचे, वय सत्तरीच्या आसपास, चुन्यात काम केलेले. सोबत नातू. चुनकळी (न भिजवलेला, भाजलेला चुना) पुण्याहून नेली आणि पिंपात भिजत घातली. मला वाटलं होतं नुसती विरघळेल. पाणी खदखदा उकळायला लागलं, झाकण उडालं. मिस्त्रींनी आम्हाला आधीच दहा हात लांब उभं केलं होतं आणि नातवाला चष्मा लावायला लावला होता. नंतर तीन आठवडे पिंपावर बोटभर पाणी राखून ठेवलं. आता हातात घेतलं तर अगदी लोण्यासारखं.

वरचे पाच थर उतरवले, सत्तेचाळीस दगड. त्यातले नऊ भुगा झालेले. ते बदलायला वाईजवळ एका पडक्या घराचा जुना जांभा मिळाला. चिरेबंद, मिस्त्रींनी प्रत्येक दगड कानाशी धरून ठोकला. अगदी तुम्ही सांगितलंत तसंच, आणि तुमचं नाव घेतलं तर म्हणाले, "कोकणातले असतील." :)

सांधे भरायच्या आधी दगड पाण्याने चिंब करतात. कोरडा दगड चुन्यातलं पाणी शोषून घेतो, मग तो नुसती भुकटी होतो. नातू घाईत एका बाजूला पाणी मारायला विसरला, तर म्हाताऱ्यांनी काही न बोलता भरलेला अख्खा सांधा पुन्हा कोरून काढला. रोज संध्याकाळी ओली गोणपाटं गुंडाळतात. लांबून बघितलं की चिमणीला थंडी वाजतेय असं वाटतं.

सिमेंट थोडंसं मिसळू का, असं एका शेजाऱ्याने सुचवलं. मिस्त्री म्हणाले, "मिसळा. मग मला नका बोलावू."

---

खमंग | १ डिसेंबर, सकाळी ८:००

हा धागा मी आता मालिकेसारखा बघतोय. मिस्त्रींना नमस्कार सांगा.

---

घाटमाथी | १२ जानेवारी, रात्री १०:४०

झालं! वरचं तोंड आता उघडं नाही: चार बुटक्या दगडी पायांवर काळ्या पाषाणाची एक फरशी, नऊ इंच वर, चारही बाजूंना जाळी. फरशी दोन-दोन इंच बाहेर काढली आहे आणि तिच्या खालच्या अंगाला कडेने खाच मारलीय, पाणी तिथेच सुटून पडावं, वळून दगडावर येऊ नये म्हणून. पत्र्याच्या कोनाला शिशाचा पत्रा, लाकडी मोगरीने ठोकून दगडावर बसवलेला. त्याची वरची कड सांध्यात इंचभर आत घालून चुन्याने बंद केली. आढ्याकडच्या अंगाला छोटंसं दुपाखी छप्पर, पाणी दोन्हीकडे वाटलं जावं म्हणून. पालाही आता अडणार नाही. स्टेनलेसचे वेढे दोन.

खर्च एक लाख बेचाळीस हजार. पाडून विटांची बांधायला कंत्राटदाराने एक लाख दहा सांगितले होते. फरक मी सोसला, त्यामुळे वाद नाही.

आता नवीन दुखणं. काल थाटात शेकोटी पेटवली, सगळी भावंडं जमवून. दहा मिनिटांत दिवाणखाना धुराने भरला आणि आम्ही सगळे व्हरांड्यात कुडकुडत. भाऊ म्हणाला, हीटर आहे की. काय चुकलं?

---

डेलावेअरकाठचा | १३ जानेवारी, पहाटे ५:५०

आधी मापं द्या. शेकोटीचं तोंड किती रुंद, किती उंच, आणि धुराची नळी आतून किती?

---

घाटमाथी | १३ जानेवारी, सकाळी ९:३०

तोंड ३६ इंच रुंद, ३० इंच उंच. नळी ९ बाय ९.

---

डेलावेअरकाठचा | १३ जानेवारी, संध्याकाळी ६:१०

मग हेच. तोंड १०८० चौरस इंच, नळी ८१. म्हणजे नळी तोंडाच्या तेराव्या हिश्श्याहून लहान. साधारण दहावा हिस्सा तरी हवा. नळी मोठी करणं शक्य नाही, पण तोंड लहान करता येईल. तोंडाच्या वरच्या कडेला सहा इंच उंचीचा पत्रा तात्पुरता टेकवून पेटवा: ३६ गुणिले २४, ८६४, म्हणजे साधारण पावणेअकरावा हिस्सा. धूर वर गेला तर तेवढीच कायमची पट्टी बसवा, किंवा खालचा तळ दोन थर उचला.

ही युक्ती माझी नाही. काउंट रम्फर्डने १७९६ मध्ये शेकोट्यांवर लिहिलं, तेव्हापासून चालत आली आहे. उथळ शेकोटी, तिरक्या बाजू, अरुंद गळा. त्याच्या आधी लंडनच्या बड्या घरांतही लोक असेच खोकत बसत.

आणि पेटवण्याआधी एक वर्तमानपत्र पेटवून हातभर वर, नळीच्या गळ्याशी धरा. थंड हवेचा खांब बसलेला असतो आत, तो आधी हलवायचा. खोलीची एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. जी हवा वर जाणार ती कुठून तरी आत यायला हवी ना.

---

घाटमाथी | १८ जानेवारी, रात्री ११:१५

पिठाच्या डब्याचं झाकण कापून पत्रा केला. धूर सरळ वर! भाऊ बाहेर जाऊन चिमणीतून निघणाऱ्या धुराचे फोटो काढत होता, हे इथे मुद्दाम नोंदवते. शेंगा भाजल्या, अर्ध्या करपल्या. आजी पळीने सारख्या हलवायची ते विसरलो होतो.

---

सिव्हिल८४ | २२ जुलै, सकाळी १०:२५

धागा वर काढतोय. पावसाळा मध्यावर आला. चिमणी काय म्हणते? खरं खरं सांगा.

---

घाटमाथी | २७ जुलै, रात्री ९:००

आजच वरून आले. घराच्या पश्चिमेच्या भिंतीला नेहमीप्रमाणे गवताच्या झडी (पाऊस अडवायचे पडदे) बांधल्या आहेत, चिमणी मात्र उघडीच. गेले दहा दिवस समोरचं झाड दिसत नाही असा पाऊस. शेकोटीत राख कोरडी. भिंतीवरचे जुने ओघळ आहेत तसेच, पण वाढले नाहीत, हात लावला तर कोरडे. ते जायला दोन वर्षं तरी लागतील, तोवर रंग देणार नाही.

मागच्या कोपऱ्यात छताला तळहाताएवढी ओल आहे. बहुतेक त्या छोट्या दुपाखी छपराची आणि शिशाच्या पत्र्याची घडी जुळत नाहीये. मिस्त्रींना फोन केला तर म्हणाले, "दिवाळीनंतर बघू, आत्ता वर चढाल तर तुम्हीच खाली याल."

---

सिव्हिल८४ | २७ जुलै, रात्री ९:२०

तळहाताएवढीच ना? मग माझ्या हिशेबात तुम्ही जिंकलात. घडी उलटी केली असेल, वरचा पत्रा खालच्याच्या आत गेला असेल. उघडून बघितल्याशिवाय डांबर फासू नका.

---

घाटमाथी | २७ जुलै, रात्री ९:४०

नाही फासणार. जाता जाता: भिजवलेल्या चुन्याचं अर्धं पिंप उरलंय, वर पाणी राखून पडवीत ठेवलं आहे. मिस्त्रींच्या मते जितका जुना तितका चांगला. कुणाला हवा असेल तर घेऊन जा, फुकट. पिंप तेवढं परत द्या.

---

चिरेबंद | २८ जुलै, सकाळी ६:५५

माका व्हया. विहिरीचो कठडो करूचो आसा.